इमर्शन तुटलं म्हणजे मराठीत नेमकं काय झालं?

प्रश्न असाय, की ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र होऊन खेळायचे गेम, खेळणाऱ्या आमच्या सोलापुरातल्याच चार-पाच पोरांनी आपल्या ग्रुपसाठी मराठीत नियम लिहायला घेतलेत, त्यातला पहिलाच नियम ‘इमर्शन तोडणारं काही करू नका’, इमर्शन म्हणजे गेमच्या जगात पार गुंतून जाणं, आणि तिथंच गाडी अडली, कारण डिक्शनरीत बघितलं तर निमज्जन, बुडणं आणि विसर्जन असे तीन शब्द निघाले. ‘विसर्जन तोडू नका’ असं लिहून बघितलं तर सगळा ग्रुप हसूलालाय म्हणे. हसणारच की.

पण विसर्जनाचंच आधी बोलतो, कारण तिथं एक गंमत आहे. इंग्रजी पेपरवाले गणपती विसर्जनाला इमर्शन म्हणतात, त्यातनं हा घोळ झालाय. विसर्जन या शब्दात पाणी कुठंच नाही. वि आणि सृज्, म्हणजे सोडणं, निरोप देणं. सभा विसर्जित झाली म्हणून कुणी सिद्धेश्वर तळ्यात उड्या मारत नाही. चतुर्थीला मातीच्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करायची आणि शेवटी उत्तरपूजा करून त्या देवपणाला निरोप द्यायचा, पाण्यात सोडणं त्याच्या नंतरचं. आता गेममध्ये बघा, स्क्रीनवरच्या एका बाहुल्यात आपण जीव ओततो, त्याला नाव-गाव देतो, आणि काहीतरी आडवं येऊन तो जीव पटकन निघून जातो, पुन्हा नुसता बाहुला उरतो. हे झालं विसर्जन! म्हणजे इमर्शन तुटतं तेव्हा विसर्जन होतं आणि डिक्शनरी सांगतीय की इमर्शन म्हणजेच विसर्जन. बरोब्बर उलटं.

बुडणं पण चालणार नाही. मराठीत शाळा बुडते, उधारी बुडते, बँक बुडते. ‘पोरगं त्या गेमात बुडालंय’ असं आई म्हणते तेव्हा तिच्या डोक्यात उधारीवालंच बुडणं असतं. निमज्जन अर्थानं बरोबर आहे पण ते कुणाच्या तोंडात बसत नाही, सोडून द्या.

तंद्री लागणं, तंद्री मोडणं हे बऱ्याच जणांनी सुचवलं असेल. चांगला शब्द आहे, मीही वापरतो. पण तंद्रा म्हणजे मुळात डुलकी, गुंगी, आणि तो वास अजून त्या शब्दाला आहे. तंद्रीतला माणूस बसल्या जागी हरवलेला असतो, हातातला चहा गार होतो. गेममध्ये तसं नसतंय ना, तिथं ड्रॅगन समोर आहे, पंचवीस जणांची टोळी तुमच्या भरवशावर उभी आहे, हात चालू, डोकं चालू, आणि तरी तुम्ही ‘तिकडं’ आहात. मग ती तंद्री कसली.

माझं मत रसभंगाकडं, पण त्यात एक बारकावा आहे, तो पोरांच्या नियमाला उपयोगी पडंल. रसभंग ही घटना झाली. तो ज्याच्यामुळं होतो त्या गोष्टीला वेगळा शब्द आहे, रसविघ्न. हजारेक वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्तानं भरताच्या नाट्यशास्त्रावर टीका लिहिली, त्यात रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितलीत. मी ती वाचली तेव्हा आधी नाटकाचाच विचार करूलालो होतो, मग भाच्याचा गेम बघताना एकदम ट्यूब पेटली.

पहिलं विघ्न संभावनाविरह, म्हणजे ‘असं होऊ शकतं’ असं बघणाऱ्याला वाटतच नाही. इथं खरं-खोटं हा मुद्दाच नाही हं. अभिनवगुप्त म्हणतो समुद्र ओलांडण्यासारखी अचाट गोष्ट दाखवायची तर ती रामासारख्या आधीच मनात ठसलेल्या माणसाची दाखवा, लोक मानतील. म्हणून गेममध्ये ड्रॅगन उडाला तर कुणाची तक्रार नसते, पण तलवारी-जादूच्या जगात वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमनं 2008 च्या विस्तारात मोटरसायकल आणली तर ती ज्यांच्या डोळ्यात खुपते असे लोक आहेतच. दुसरे म्हणतात, त्या जगात गॉब्लिन नावाच्या बुटक्या प्राण्यांचे इंजिनिअर पहिल्यापासून आहेत की, मग काय बिघडलं? मला हे दुसरे बरोबर वाटतात, पण भांडण नेमकं संभावनेचंच आहे. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन या दुसऱ्या गेममध्ये तुम्हाला सांगितलं जातं की जग वाचवणारा तो एकमेव तूच, आणि बँकेच्या दारात जावं तर तसलेच चाळीस ‘एकमेव’ घोडे घेऊन उभे. सात रस्त्याला संध्याकाळी रिक्षा लागतात तसे.

दुसरं विघ्न आपल्या कामाचं जास्त. समोरचा नट दिसायला लागला की पात्र दिसत नाही. त्यावर उपाय पण सांगितलाय, मुकुट-शिरस्त्राण वगैरे घालून नटाचं नटपण झाका. आता ऑनलाइन गेममध्ये काय असतं, मुकुट असतो, चिलखत असतं, आणि त्याच्यावर तरंगत असतं ‘किलर_भाऊ_००७’. झाकलेलं सगळं उघडं! पात्रात राहूनच खेळणाऱ्यांच्या रोलप्ले सर्व्हरवर नावाबाबत एवढे कडक का असतात ते यातनं कळतं.

तिसरं म्हणजे निजसुखादिविवशीभाव. नाव लांबलचक आहे पण गोष्ट घरातली, स्वतःच्या सुखदुःखात माणूस इतका अडकलेला असतो की समोरचा रस पोचतच नाही. याचा नमुना मी डोळ्यांनी बघितलाय. भाचा आणि त्याची टोळी एका म्हाताऱ्या सरदाराचा अंत्यविधी खेळत होते, खरोखर लिहून-बिहून आणलेला, चिता पेटलेली, एकेक जण पुढं येऊन दोन वाक्यं बोलणार, मी मागं खुर्चीवर, मलासुद्धा गलबलून आलं होतं राव. तेवढ्यात कुणाच्या तरी चालू राहिलेल्या माइकमधनं बाईंचा खणखणीत आवाज, ‘अरे दळण आणलास का? गिरणी बंद होईल!’ सगळ्यांच्या कानात एकाच वेळी. चितेपुढचा तो धिप्पाड योद्धा म्हणाला, ‘जाऊलालोय की गं,’ आणि तसाच पुतळ्यासारखा उभा राहिला, कारण पोरगं खरंच पिशवी घेऊन गेलं होतं.

बाकीची विघ्नं पटकन सांगतो. लॅगमुळं, म्हणजे नेट मंदावल्यानं, माणूस भिंतीत अडकलेला दिसणं किंवा आवाज तुटक येणं, यात चौथं-पाचवं दोन्ही आलं, कळायची साधनंच अपुरी पडणं आणि स्फुटत्वाभाव म्हणजे स्पष्टपणा नसणं, नीट दिसलं-ऐकू आलंच नाही तर रस कुठला. गाव जळत असताना कोंबड्या पकडायचं काम लावणं ही अप्रधानता, म्हणजे मुख्य सोडून दुय्यमालाच पुढं आणणं. शेवटचं विघ्न संशय, त्याचं उदाहरण मात्र मस्त आहे, डोळ्यात पाणी आनंदानंही येतं आणि डोळ्याच्या रोगानंही, नुसत्या पाण्यावरनं काय समजायचं? पात्र अचानक गप्प उभं राहिलं तर ते दुःखात आहे, नेट गेलंय का दळणाला गेलंय, तोच संशय.

पण रसभंगाला एक मर्यादा आहे आणि ती मान्य करायला पाहिजे. रस घेतो तो प्रेक्षक. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात नाटक बघताना शेजारच्याचा मोबाइल वाजला तर रसभंग माझा होतो. गेममध्ये खेळणारा प्रेक्षक पण आहे आणि नट पण, त्यामुळं नटाच्या बाजूचा शब्द पण लागणार, आणि तो आपल्याकडं केव्हाचा पडून आहे: सोंग. सोंग घेणं, सोंग वठणं, सोंग उघडं पडणं. पोरं इंग्रजीत ‘इन कॅरॅक्टर’ म्हणतात ते सरळ ‘सोंगात’. ढोंगाची छटा आहे म्हणून काही जण नाक मुरडतील, पण बहुरूपी आणि भारूड बघितलेल्या माणसाला सोंग हा शब्द हलका वाटणार नाही. आणि ऐन लढाईत ‘फक्त इतक्या रुपयांत नवीन चिलखत’ अशी खिडकी उघडते, त्यावर तर आपली म्हण तयारच आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही.

आता हे सगळं पंडिती झालं. गेम खेळणारी पोरं आपसात काय म्हणतात ते मी भाच्याला विचारलं. तो म्हणाला, ‘मामा, आम्ही कच लागली म्हणतो.’ मी उडालोच. कच म्हणजे भाकरीतली बारीक रेव. गिरणीच्या दगडाला छिन्नीनं नवीन टाकी लावली की पहिल्या दळणात दगडाचा चुरा येतो, मग मंगळवेढ्याची ज्वारी असू दे नाहीतर कुठली, भाकरी दिसायला पांढरीशुभ्र, शेंगाचटणी बरोबर आहे, आणि तिसऱ्या घासाला दाताखाली कर्रर्र. मोठा खडा लागला तर थुंकून टाकता येतो, कच तशी निघत नाही, पुढचा प्रत्येक घास माणूस भीत भीत चावतो. इमर्शन तुटल्यावर अगदी असंच होतं बघा, एकदा तुटलं की पुढचा अर्धा तास आपण परत तुटायची वाट बघत खेळतो. हा भाग ना रसभंगात येतो ना तंद्री मोडण्यात. फक्त ‘कच खाल्ली’ म्हणू नका, त्याचा अर्थ ऐन वेळी माघार घेतली असा होतो, नियमात तसं लिहिलं तर दुसरंच भांडण लागंल.

तर मी नियम असा लिहीन: ‘सोंगात असताना रसभंग होईल असं बोलू-वागू नये. बाहेरचं बोलायचंच असेल तर कंसात टाइप करावं आणि माइक बंद ठेवावा.’ आणि गप्पांमध्ये ‘कच लागली बे’ चालू द्या, त्याला नियमात कशाला कोंबायचं. आणि नियम लिहिणाऱ्या पोरांनो, तुमच्या ग्रुपात तेलुगू, कन्नड घरची पोरं असतीलच, त्यांच्या घरी भाकरीतल्या या कचेला काय म्हणतात ते तेवढं विचारून कळवा.