बदलीची दोन वर्षं

तुमचा प्रश्न असा: बायको बँकेत क्लार्क आहे, ऑफिसरचं प्रमोशन आलंय, पण त्याबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात बदली. घरातली मोठी माणसं म्हणतात, शिकलेल्या नोकरदार बायकांमुळे कुटुंबं विस्कटली. हे खरं आहे का, आणि तिने जावं का?

मी 1994 साली एका सरकारी बँकेत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. हा प्रसंग माझ्यावर तीनदा आला. दोनदा मी प्रमोशन नाकारलं, तिसऱ्यांदा घेतलं.

आधी माझ्या आईबद्दल सांगते. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका होती. तिच्या पिढीत घरातून चालायच्या त्या दोनच नोकऱ्या, मास्तरीण आणि नर्स. पुण्यात 1909 साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झालं, तिथेही बायकांना मुख्यतः याच दोन कामांसाठी तयार केलं जायचं. पंचावन्न-साठ वर्षांनंतर आमच्या तालुक्यात त्यात काही भर पडलेली नव्हती. पगार रोख मिळायचा. आई नोटा देवापुढे ठेवायची, हळदकुंकू वाहायची आणि आजोबांच्या हातात द्यायची. मग शाळेला जायला एस.टी.चे पैसे रोज सकाळी त्यांच्याकडून मागून घ्यायची. पहाटे भाकऱ्या, दिवसभर वर्ग, संध्याकाळी पुन्हा चूल. आल्यागेल्यांत तिचं कौतुक एकच, "नोकरी करून घराला कळूसुद्धा देत नाही." मला आज वाटतं, त्या कौतुकानेच तिला सगळ्यात जास्त दमवलं. घरात पैसा आला, आम्ही दोघी बहिणी शिकलो, ही तिची मोठी कमाई. पण घराची घडी होती तशीच राहिली.

मीही पहिली तेरा वर्षं तेच केलं. पगार माझ्या खात्यात यायचा, एवढाच फरक. काउंटरवर बसून मी हेही पाहत होते की कित्येक शिक्षिकांचं आणि नर्सबाईंचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असायचं. पैसे काढायला तोच यायचा, पासबुक तोच भरून न्यायचा. सही करायला तेवढी ती यायची. म्हणून फक्त नोकरीने समाज बदलतो असं कोणी म्हटलं की मी थांबते. नोकरी आणि निर्णय यांच्यात बरंच अंतर असतं.

प्रमोशन दोनदा नाकारलं तेव्हा मला कोणी अडवलं नव्हतं. "बघ बाई, तुझं तू ठरव" असं सगळे म्हणाले आणि मी नको म्हणून लिहून दिलं. आमच्या शाखेत अशा चौघीजणी होत्या. आमच्याबरोबर लागलेले पुरुष पुढे मॅनेजर झाले, आम्ही त्याच खिडकीत राहिलो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बायकांना महत्त्वाकांक्षाच नसते.

तिसऱ्या वेळी, 2007 मध्ये, मिस्टर म्हणाले, "या वेळी नाही म्हणू नकोस." पोस्टिंग चिपळूण. घर साताऱ्यात, मुलगी सहावीत, मुलगा तिसरीत, सासूबाईंचे गुडघे दुखरे. तेव्हा शनिवारी बँक अर्धा दिवस असायची. दुपारी एस.टी. धरून कुंभार्ली घाट चढून रात्री घरी, आणि सोमवारी पहाटे पाचला परत.

पहिल्या महिन्यात दिवसाला सहा-सात फोन. डाळीला किती शिट्ट्या, गॅसचं पुस्तक कुठे, धाकट्याचा शाळेचा शर्ट कुठला. दिवाळीपर्यंत ते फोन बंद झाले. मिस्टर पाटबंधारे खात्यात होते. ऑफिसला जायच्या आधी ते पोळीभाजी करायला शिकले. पोळ्या कशाही होत, मुलं खात. धाकटा स्वतःचा डबा स्वतः भरू लागला. आणि ज्या सासऱ्यांनी जन्मात स्वतःचं ताट उचललं नव्हतं, ते सकाळचा चहा करू लागले, कारण सासूबाईंना ओट्यापाशी उभं राहवत नव्हतं. एका रविवारी मी उठून बाहेर आले तर सासूबाई पलंगावर बसून नवऱ्याच्या हातचा चहा पीत होत्या. लग्नाला त्यांच्या सत्तेचाळीस वर्षं झाली होती. माझ्याकडे बघून त्या थोड्या लाजल्या. ते दृश्य मी विसरणं शक्य नाही.

मी घरात होते तोवर हे काहीही झालं नसतं. तेरा वर्षं मी थकून सांगत होते, भांडत होते. घर बदललं ते मी तिथे नव्हते तेव्हा, आणि मी नव्हते ते माझ्या कामाला पहिल्यांदाच कुणाच्या सोयीने वाकवता येत नव्हतं म्हणून.

किंमतही सांगते, लपवत नाही. माझ्या मुलीची पहिली पाळी आली तेव्हा मी चिपळूणला होते. मिस्टरांनी स्वतः दुकानात जाऊन पॅड आणले, तिच्याशी बोलले, मग मला फोन केला. मी त्या रात्री खूप रडले. आज ती म्हणते, "बाबांनी सांगितलं म्हणून मला त्यात कधी लाज वाटली नाही." तरी मी तिथे असायला हवं होतं, हे मला अजूनही वाटतं.

आमच्या घरासारखं सगळीकडे झालंय असं म्हणणार नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं वेळ जात होता, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची 88 मिनिटं. 2019 मध्ये बायकांची 299 होती. पाच वर्षांत दहा मिनिटं! आणि पुरुषांची तर 97 वरून कमी झाली. तुमच्या घरच्यांना जे विस्कटणं वाटतं, ते बहुतेक घरांत अजून सुरूही झालेलं नाही.

जिथे खरंच मोठा बदल झाला ते म्हणजे बाईचं माहेर. आमच्याकडे म्हणायचे, मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये. 1987 साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की विवाहित मुलीचं स्वतःचं, नवऱ्यावर अवलंबून नसलेलं पुरेसं उत्पन्न असेल तर आई-वडिलांच्या पोटगीची जबाबदारी तिच्यावरही येते. तो खटला कल्याणच्या एका डॉक्टर मुलीवरचा होता. कायदा सांगतो म्हणून कोणी आई-वडिलांना सांभाळत नाही, पण हातात स्वतःचा पगार असला की कोणाची परवानगी मागावी लागत नाही. वडील गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली. ऑफिसर झाल्यावरच्या पगारावर कर्ज काढून मी वरची खोली बांधली होती. आई आधी संकोचली, म्हणाली, "जावयाच्या घरी कशी राहू?" मी तिला घरपट्टीची पावती दाखवली. त्यावर आम्हा दोघांचं नाव होतं.

एक गोष्ट राहू नये. मी बाहेर पडू शकले ती कामाला येणाऱ्या एका बाईच्या जोरावर. ती दोन वर्षं तिने आमचं घर धरून ठेवलं. आमच्यासारख्या नोकरदार बायकांनी तिला सुट्टी, आजारपणाचा पगार आणि दिवाळीचा बोनस दिला नाही, तर आपण फक्त आपलं ओझं दुसऱ्या बाईच्या डोक्यावर ठेवलं असं होतं. तिची मुलगी आता नर्स आहे.

तर, जाऊ द्या तिला. आणि ती जायच्या आधी, याच महिन्यात, शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिच्या नंबरच्या जागी तुमचा नंबर द्या. गॅस, दूधवाला, मुलांचे डॉक्टर, लसीकरणाचं कार्ड, सगळं तुमच्याकडे घ्या. ती घरात असतानाच पंधरा दिवस स्वयंपाक तुम्ही करा आणि तिला ओट्यापाशी येऊ देऊ नका. आई-वडील काही बोलले तर उत्तर तुम्ही द्या, तिला द्यायला लावू नका.