केनेडींच्या खुनाच्या साक्षीदारांची वर्णनं जुळत नाहीत, म्हणजे ते खोटं बोलत होते का?

तुमचं म्हणणं असं, की 1963 साली डॅलसमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्याचं वर्णन प्रत्येकाने वेगळं दिलं आणि एकही आरोपी म्हणून पकडलेल्या ली हार्वे ऑस्वाल्डला नेमकं लागू होत नाही. तेव्हा एकतर साक्षीदार खोटे, नाहीतर ऑस्वाल्डला अडकवलेलं. मला दोन्ही पटत नाही. मी सोलापूरच्या कोर्टात स्टेनो होतो. साक्षीदार बोलायचा, साहेब सांगायचे, मी टाइप करायचो. केनेडी खून हा निवृत्तीनंतरचा नाद, पण वाचताना नजर कोर्टातलीच राहते.

आधी हॉवर्ड ब्रेनन घ्या. पाइप-फिटिंगचं काम करणारा माणूस, गोळ्या जिथून झाडल्या गेल्या त्या पुस्तकांच्या गोदामासमोरच्या बुटक्या भिंतीवर बसून मिरवणूक बघत होता. साडेबाराला गोळ्या झाडल्या गेल्या आणि पाऊणच्या सुमारास पोलिसांच्या वायरलेसवर वर्णन गेलं: गोरा, सडपातळ, वय तीसच्या आसपास, उंची पाच फूट दहा इंच, वजन 165 पौंड. खुनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वॉरन आयोगाच्या मते हे मुख्यतः ब्रेननकडूनच आलेलं. ऑस्वाल्ड 24 वर्षांचा, पाच फूट नऊ इंच, वजन दीडशे पौंडांच्या आसपास. लोक या फरकावर तुटून पडतात. सहाव्या मजल्यावरचा माणूस खालून काही सेकंद बघून एवढं जुळलं, हेच मला जास्त वाटतं. आमच्याकडच्या कागदांत फरार आरोपी कायम 'अंगाने सडपातळ, रंगाने सावळा, उंची अंदाजे साडेपाच फूट' असायचा. जिल्ह्यातले सगळे गुन्हे एकच माणूस करतो की काय, असं वाटायचं.

ब्रेननच्या सांगण्यातली खरी अडचण दुसरी आहे. तो म्हणाला, मारेकरी उभा राहून गोळी झाडत होता. पण खिडकी फक्त खालून उघडी होती. उभ्याने झाडली असती तर गोळी काचेतून गेली असती. यावरून त्याला खोटा ठरवणारे बरेच भेटतील. मात्र त्याच वेळी पाचव्या मजल्यावर तीन कामगार खिडक्यांत बसून बघत होते आणि ब्रेननला तेही उभेच वाटले होते. त्यांचा फोटो आहे, त्यात ते खाली बसलेले दिसतात. तिथल्या खिडक्यांची चौकट जमिनीपासून फुटभरच वर, त्यामुळे बसलेला माणूसही खालून उभा वाटतो. त्याच्या डोळ्यांनी दोन्ही मजल्यांवर एकच चूक केली. खोटं बोलणारा असली चूक करत नाही.

आता एमॉस युइन्सचं बघा. 15 वर्षांचा शाळकरी कृष्णवर्णीय मुलगा, त्यानेही खिडकीतली बंदूक पाहिली. त्या दिवशीच्या लेखी जबाबात आहे 'गोरा माणूस'. एका टीव्ही पत्रकाराने सांगितलं, की पोरगा जागेवर 'कृष्णवर्णीय माणूस' म्हणत होता. आयोगापुढे पोरगा म्हणाला, गोरा की काळा ते मला सांगता येणार नाही, मी डोक्यावर पांढरा डाग म्हणालो होतो, लिहिणाऱ्यांनी चूक केली असेल. त्याला टक्कल म्हणायचं होतं.

इथे मला पूर्व भागातल्या मारामारीची एक केस आठवते. साक्षीदार चादरीच्या कारखान्यातला, घरात तेलुगू, मराठी कामापुरती. जबाबात होतं, 'मारणारा इसम रंगाने काळा'. आरोपी तर चांगला उजळ. बचावाच्या वकिलांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं आणि साक्षीदार गांगरला. शेवटी तेलुगूत पुटपुटला. आमचा शिपाई तेलुगू घरातलाच, तो हसू दाबत म्हणाला, "साहेब, तो 'नल्ल चोक्का' म्हणतोय. काळा शर्ट." जबाब घेणाऱ्याने 'नल्ल' तेवढं उचललं आणि शर्ट सोडून दिला. साक्षीदाराने एकदाही शब्द फिरवला नव्हता.

म्हणून वर्णन जुळत नाही म्हटलं, की मी आधी विचारतो, कोणी लिहिलं आणि कधी लिहिलं? ब्रेननचं वर्णन वायरलेसवर गेलं तेव्हा ऑस्वाल्ड पकडलाही गेला नव्हता. ते कच्चं आहे, पण भेसळ नाही. तोच ब्रेनन त्या संध्याकाळी ओळख परेडला गेला तेव्हा त्याने ऑस्वाल्डला आधीच टीव्हीवर पाहिलं होतं. तिथे तो नक्की हाच असं म्हणाला नाही. पुढे म्हणाला, ओळखलं होतं पण घरच्यांच्या जिवाच्या भीतीने बोललो नाही. खरंही असेल. पण ती ओळख आता कुठल्याच बाजूच्या कामाची नाही, आणि आयोगानेही आपला निष्कर्ष तिच्यावर उभा केला नाही.

परेडींचा तर आनंदच होता. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणे एका आरोपीमागे निदान अर्धा डझन डमी लागतात, दिसायला साधारण सारखे, आणि परेड पोलीस घेत नाहीत, कार्यकारी दंडाधिकारी पंचांसमोर घेतात. (तरीही घोळ होतात, ते सोडा.) डॅलसमध्ये ऑस्वाल्डला एका परेडमध्ये पोरासोरांबरोबर उभं केलं. तो मोठमोठ्याने भांडत होता, की हा अन्याय आहे. खुनानंतर ऑस्वाल्डला टॅक्सीतून नेणारा व्हेली आयोगापुढे म्हणाला, त्याला न ओळखताही नुसता आरडाओरडा ऐकून कोणीही निवडला असता.

हेलन मार्कहॅमची साक्ष वाचाच. केनेडींनंतर पाऊण तासाने टिपिट नावाचा पोलीस मारला गेला, त्याचाही आरोप ऑस्वाल्डवरच. त्या खुनाची ती साक्षीदार. आयोगाच्या वकिलाने विचारलं, परेडमधल्या कोणाला ओळखलं का? नाही म्हणाली. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. मग त्याने सरळ विचारलं, त्यात दोन नंबरचा माणूस होता का? बाई म्हणाल्या, दोन नंबरचाच मी निवडला. आमच्या कोर्टात सरतपासात, म्हणजे वकील आपल्याच साक्षीदाराला विचारतो तेव्हा, असा सूचक प्रश्न आला असता, तर समोरचे वकील 'हरकत आहे' म्हणत उठलेच असते. इथे उठणार कोण? आरोपीला जॅक रुबी नावाच्या नाइटक्लबवाल्याने 24 नोव्हेंबरलाच गोळी घातली होती. खटलाच चालला नाही. आयोगापुढे 552 जणांच्या साक्षी आल्या, पण आरोपीच्या वकिलाचा उलटतपास एकाचाही नाही. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. वर्णनांत फरक प्रत्येक खटल्यात असतो, तो उलटतपासात घासून निघतो. इथे तो तसाच कच्चा छापला गेला आणि साठ वर्षं लोक तोच चघळतायत.

उलटतपास झाला तर काय होतं, ते स्वीडनमध्ये बघा. पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा 28 फेब्रुवारी 1986 ला रात्री स्टॉकहोमच्या रस्त्यावर खून झाला, पत्नी शेजारीच होत्या. जवळजवळ तीन वर्षांनी त्यांनी व्हिडिओवरच्या परेडमध्ये क्रिस्टर पेटरसनला ओळखलं. 1989 मध्ये खालच्या कोर्टाने जन्मठेप दिली आणि त्याच वर्षी अपील कोर्टाने सोडून दिलं. संशयित दारुड्या आहे, हे पाल्मेंच्या पत्नींना परेडआधीच कळलेलं होतं. हत्यार सापडलेलं नव्हतं. उरली होती फक्त ती ओळख. त्या खोटं बोलल्या, असं कोर्टाने म्हटलं नाही.

ऑस्वाल्डने मारलं का? माझ्या मते त्यानेच झाडल्या. पण ते मी ब्रेनन किंवा मार्कहॅमच्या भरवशावर म्हणत नाही. सहाव्या मजल्यावर सापडलेली रायफल शिकागोच्या दुकानातून टपालाने हिडेल या खोट्या नावाने मागवलेली होती आणि मागणीवरचं अक्षर ऑस्वाल्डचं होतं. गंमत म्हणजे त्या रायफलीलाही पहिल्यांदा पाहणाऱ्या पोलिसांनी 'माउझर', म्हणजे जर्मन बनावटीची, म्हटलं होतं. निघाली इटालियन कार्कानो.