चूक सापडेल असं लिही

अनेक आशीर्वाद.

तुझे तिन्ही लेख वाचले. दोनदा वाचले, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. भाषा चांगली आहे. ती तुला आयतीच मिळालेली दिसते, तेव्हा तिचं कौतुक करण्यात वेळ घालवत नाही. पैसा, धंदा आणि राजकारण यांवर नियमित लिहायचं म्हणतोस, तर काही गोष्टी आत्ताच सांगून टाकते. पत्र लांबेल.

आधी पहिला लेख. 2020 च्या दुसऱ्या तिमाहीत अमेरिकेची अर्थव्यवस्था 32.9 टक्क्यांनी आक्रसली आणि ब्रिटनची 20.4 टक्क्यांनी, म्हणजे अमेरिकेला दीडपट फटका बसला, असं तू लिहिलं आहेस. दोन्ही आकडे त्या वेळी अधिकृतपणे जाहीर झालेले आहेत. पण अमेरिका तिमाहीतला बदल वार्षिक दराने सांगते: ही तिमाही गेली तशाच ओळीने चार गेल्या, तर वर्षभरात काय होईल, तो आकडा. ब्रिटन त्या एका तिमाहीपुरतं बोलतं. आधीच्या तिमाहीच्या तुलनेत अमेरिकेची घट होती सुमारे 9.5 टक्के. विश्वास बसत नसेल तर 0.905 चा चौथा घात काढून बघ, 0.67 येतं, म्हणजे जवळपास 33 टक्के घट. तेव्हा ब्रिटनची घट अमेरिकेच्या दुपटीहून जास्त होती आणि तुझं वाक्य चक्क उलटं झालं. गंमत म्हणजे त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. या विषयाची खोडच ही आहे.

आणखी एक. हे दोन्ही पहिले अंदाज होते आणि पुढे ते सुधारले गेले. सगळीकडे असंच होतं. पहिला आकडा पहिल्या पानावर येतो आणि सुधारलेला कुठे येतो ते कुणाला कळत नाही. निदान तू तरी ‘पहिला अंदाज’ हे दोन शब्द गाळू नकोस. व्याजदर 4 टक्क्यांवरून 6 वर गेला तर ‘2 टक्के वाढ’ असं लिहू नकोस, कारण हिशेबाने ती 50 टक्के वाढ आहे. ‘4 वरून 6 टक्क्यांवर’ असं सरळ लिहिलं की वादच मिटला.

आकड्यांत चूक झाली म्हणून तू खट्टू होशील. होऊ नकोस. 2010 मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. सरकारचं कर्ज देशाच्या वार्षिक उत्पादनाच्या 90 टक्क्यांपुढे गेलं की वाढ खुंटते, असा त्याचा सूर होता. अशा वर्षांतल्या प्रगत देशांच्या वाढीची सरासरी त्यांनी काढली होती उणे 0.1 टक्के. सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या राजकारण्यांनी हा निष्कर्ष उचलून धरला. 2013 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात शिकणाऱ्या थॉमस हर्नडनने तोच हिशेब पुन्हा मांडून पाहिला, तर उत्तर काही केल्या जुळेना. त्याने लेखकांकडे मूळ स्प्रेडशीट मागितली आणि त्यांनी ती दिली. सरासरीच्या सूत्रातून पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. इंग्रजी अक्षरक्रमाने पहिले पाच! शिवाय न्यूझीलंडचं एकच वर्ष, उणे 7.6 टक्क्यांचं, ब्रिटनच्या 19 वर्षांच्या सरासरीच्या बरोबरीने तोललं होतं. हर्नडन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी सगळं दुरुस्त केलं, तेव्हा सरासरी आली 2.2 टक्के. लेखकांनी सुटलेल्या ओळींची चूक कबूल केली. जास्त कर्ज आणि मंद वाढ यांचं नातं आहे, हे म्हणणं मात्र सोडलं नाही.

ही गोष्ट सांगताना लोक हर्नडनची पाठ थोपटतात, ते योग्यच. मला मात्र स्प्रेडशीट देणाऱ्यांचंही महत्त्व वाटतं. ती दिली नसती तर त्या पाच ओळी कुणाला दिसल्याच नसत्या. तू लेखात ‘तज्ज्ञांच्या मते’, ‘एका अहवालानुसार’ असं सात ठिकाणी लिहिलं आहेस (मोजलं मी). कोण तज्ज्ञ, कोणता अहवाल, कुठल्या वर्षाचा? वाचकाला तुझ्या मागोमाग त्याच वाटेने जाता आलं पाहिजे. तुझा पाय कुठे घसरला ते त्याला दिसलं पाहिजे. लाज वाटेल, पण इलाज नाही.

आता दुसरा लेख, त्या कंपनीवरचा. तिचे शेअर तुझ्याकडे आहेत हे मला ठाऊक आहे, कारण मागच्या पत्रात तूच कळवलं होतंस. वाचकाला ते ठाऊक नाही. तू प्रामाणिकपणेच लिहिलं असशील. विनान्सचं प्रकरण वाच. आर. फॉस्टर विनान्स 1980 च्या दशकात ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये शेअर बाजारावर स्तंभ लिहायचा. त्या स्तंभाने भाव हलत. उद्या काय छापून येणार, हे तो आदल्या दिवशीच एका दलालाच्या कानावर घालू लागला. त्या माहितीवर केलेल्या शेअर-व्यवहारांतून सुमारे 6 लाख 90 हजार डॉलर नफा झाला. विनान्स आणि त्याच्या साथीदाराच्या हाती आले साधारण 31 हजार. 1987 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा कायम केली. लक्षात घे, नफ्यासाठी त्याने स्तंभातला मजकूर फिरवल्याचा पुरावा कुणालाही सापडला नाही. लिहिलं ते तसं ठीकच होतं.

तुझं प्रकरण त्या पातळीचं नाही, कबूल. पण ‘माझ्याकडे या कंपनीचे शेअर आहेत’ हे वाक्य लेखाच्या पहिल्या चार ओळींत यायला हवं, तळाला बारीक अक्षरांत नको. ते वाक्य लिहिताना हात अडखळला, तर तो लेखच लिहू नये. आणि कुणी काही फुकट दिलं, प्रवास घडवला, जेवू घातलं, तेही सांगून टाकायचं. एवढ्याशा गोष्टीने काय होतं, असं वाटतं. देणाऱ्याला तसं वाटत नाही, म्हणून तर तो देतो.

इथे माझीच एक गोष्ट सांगते. लिहायला लागून तीन-चार वर्षं झाली होती. दीर्घ मुदतीत शेअर ठेवींपेक्षा जास्त परतावा देतात, असा एक लेख लिहिला. आकडे तपासलेले होते, आजही त्यात चूक निघणार नाही. वर्षभराने एका निवृत्त गृहस्थांचं पत्र आलं. लेख वाचून त्यांनी ठेव मोडली होती. पैसे दोन वर्षांत लागणार होते आणि बाजार मध्येच कोसळला. पत्रात रागाचा एक शब्द नव्हता. ‘आपण दीर्घ मुदत म्हणजे किती, ते लिहिलं नव्हतं’, एवढंच. मी माझ्या लेखाचं कात्रण काढून पाहिलं. खरंच लिहिलं नव्हतं.

मग मी दीर्घ म्हणजे किती ते शोधत बसले. अमेरिकी शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर 1929 मध्ये 381 वर होता, जुलै 1932 मध्ये 41 वर आला, आणि जुनी पातळी त्याने पुन्हा गाठली नोव्हेंबर 1954 मध्ये. पंचवीस वर्षं. लाभांश आणि त्या काळात उतरलेल्या किमती धरल्या तर हा काळ बराच कमी होतो, हेही सांगायला हवं, नाहीतर मी तुला घाबरवतेय असं होईल. पण पत्र लिहिणाऱ्या त्या गृहस्थांना यातलं काहीही उपयोगी पडलं नसतं. त्यांना एकच वाक्य हवं होतं: हे पैसे पाच-सात वर्षांत लागणार असतील, तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तेव्हापासून प्रत्येक लेख कुणासाठी नाही, ते मी आधी लिहिते. तुझ्या लेखात ते कुठेच नाही.

कोणता शेअर घ्यावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यापेक्षा खर्चावर लिही. तीस वर्षं वार्षिक 7 टक्क्यांनी पैसे वाढले तर 1 चे 7.6 होतात. दरवर्षी 1 टक्का शुल्क गेलं आणि 6 टक्केच उरले, तर 5.7. एका टक्क्याने अखेरच्या रकमेचा जवळजवळ चौथा हिस्सा खाल्ला. विषय कंटाळवाणा आहे, कुणी वाहवा करणार नाही, पण वाचकाच्या पदरात काही पडेल.

राजकारणाबद्दल थोडक्यात, कारण तिसऱ्या लेखात मत भरपूर आहे आणि माहिती कमी. जाहीर झालं, मंजूर झालं, लागू झालं आणि खर्च झालं, ही चार वेगळी क्रियापदं आहेत. तू चारही ठिकाणी ‘केलं’ लिहिलंस. अंदाजपत्रकातली तरतूद, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन रकाने शेजारी ठेवले की अर्धे आरोप आणि अर्ध्या बढाया आपोआप गळतात. विधेयकावर लिहायचं तर विधेयक वाच. त्यावर इतरांनी काय लिहिलं ते नंतर.

निवडणुकीचं भाकीत करताना ‘लोक म्हणतात’ लिहिलं आहेस. किती लोक, कुठले? 1936 च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या. 20 लाखांहून जास्त परत आल्या. रूझवेल्टविरुद्ध उभा असलेला लँडन जिंकणार, असा निष्कर्ष निघाला. प्रत्यक्षात रूझवेल्टने 48 पैकी 46 राज्यं घेतली. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांवरून, आणि मंदीच्या त्या काळात फोन-मोटार कुणाकडे असणार? शिवाय ज्यांना उत्तर पाठवायची हौस, त्यांचीच उत्तरं आली. तुझ्या लेखाखाली ‘अगदी बरोबर’ म्हणणारेही हौशीच असतात बरं.

तर आता काय करायचं. पहिल्या लेखातलं ते वाक्य आजच दुरुस्त कर, पण जुनं गुपचूप पुसू नकोस. आधी काय लिहिलं होतं, काय चुकलं, कोणत्या तारखेला बदललं, हे लेखाच्या वरच घाल. एक वही कर आणि त्यात स्वतःची भाकितं तारखेसह लिहून ठेव. सहा महिन्यांनी ती मला दाखव. माझी वहीही तुला दाखवीन. तिच्यात लाल शाई बरीच आहे.

शेअरचा लेख इतक्यात बाहेर काढू नकोस. वरच्या चार ओळी लिहून आधी माझ्याकडे पाठव. शेअर विकायची गरज नाही.