आधी विकावं की आधी घ्यावं?

प्रश्न : नागपूरच्या प्रतापनगरातलं घर आम्ही 2008-09 मध्ये 14 लाखांना घेतलं. आता 78 लाखांचं गिऱ्हाईक आलंय. 11 लाखांचं कर्ज बाकी आहे. मनीषनगरला 92 लाखांचा तयार, रिसेलचा फ्लॅट पसंत पडलाय. मालक थांबायला तयार नाही. आधी फ्लॅट घेऊन मग घर विकावं का? आणि फ्लॅट एकट्या पत्नीच्या नावे घेतला तर स्टॅम्प ड्युटी वाचते, तसं करू का?

उत्तर : 92 वजा 78, म्हणजे 14 लाख कमी पडतात, हा हिशेब डोक्यात असेल तर तो आधी पुसून टाका. 78 लाखांतून बँकेचे 11 लाख जातील. दलाली एक टक्का धरली तर आणखी 78 हजार. उरले 66 लाख 22 हजार. घेणारा 78 लाखांवर एक टक्का, म्हणजे 78 हजार टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा आयकर) कापेल. ते तुमच्या पॅनवर जमा होतात, बुडत नाहीत. पण रजिस्ट्रीच्या दिवशी हातात नसतात. दुसऱ्या बाजूला 92 लाखांवर सात टक्के स्टॅम्प ड्युटी धरा, 6 लाख 44 हजार. नोंदणी फी 30 हजार, दलाली 92 हजार. झाले 99 लाख 66 हजार. म्हणजे खरी तूट 14 नव्हे, 33 लाख 44 हजारांची. टीडीएसचे अडकलेले 78 हजार मिळवून सुमारे 34 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 15 वर्षांसाठी काढलं, तर हप्ता सुमारे 33,500 रुपये. तो झेपत असेल तरच पुढचं वाचा.

स्टॅम्प ड्युटी सौद्याची किंमत आणि रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य यांतल्या जास्त रकमेवर लागते, हेही फ्लॅटवाल्याशी बोलण्याआधी बघून घ्या. आणि तुम्ही फ्लॅट घेणारे असल्यामुळे त्या 92 लाखांतून एक टक्का टीडीएस कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी तुमची. कापलेल्या महिन्याच्या अखेरीपासून 30 दिवसांत भरला नाही, तर व्याज आणि विलंब शुल्क तुमच्याच अंगावर येतं.

आता आधी काय? आयकराची आडकाठी कोणत्याच बाजूने नाही. जुनं घर विकण्याच्या आधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत नवं घर घेतलं, तरी घर विकून झालेल्या नफ्यावरच्या करात कलम 54 म्हणून ओळखली जाणारी सूट मिळते. अडचण पैशांची आहे. आधी फ्लॅट घेतला, तर घर विकेपर्यंत दोन हप्ते भरावे लागतील, नाहीतर महागडं ब्रिज लोन, म्हणजे घर विकेपर्यंतचं तात्पुरतं कर्ज, काढावं लागेल. आणि तुम्हाला घाई आहे हे गिऱ्हाईकाला कळलं, की 78 चे 74 व्हायला वेळ लागत नाही. आमच्या मते आधी विका, पण ताबा लगेच देऊ नका. इसारपत्रात रजिस्ट्रीसाठी 90 ते 120 दिवसांची मुदत घाला आणि त्या काळात फ्लॅटचा करार आणि कर्जमंजुरी उरका. फ्लॅटवाल्याला इसार देताना, ठरल्या तारखेपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही तर रक्कम परत, हे लिहून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका.

ही मुदत नागपुरात कागदांमुळेच संपते. घर नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) लीजवर असेल तर हस्तांतरणाची परवानगी, गुंठेवारीच्या ले-आऊटमध्ये असेल तर आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) आणि त्यासाठीची डिमांड, म्हणजे आकारलेली रक्कम, भरल्याची पावती, नझूलच्या सरकारी जमिनीवर असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. त्यावर आखीव पत्रिका (मिळकतीच्या मालकीची सरकारी नोंद), मंजूर नकाशा आणि चालू वर्षापर्यंतची घरटॅक्स पावती. घेणाऱ्याच्या बँकेचा वकील बहुतेकदा नकाशावर अडतो : मंजुरी तळमजल्याची असते आणि वर खोली चढलेली असते. म्हणून इसारपत्र करण्याआधीच ही फाईल लावून ठेवा.

कर्जाचं असं करा. बँकेकडून कर्जफेडीच्या रकमेचं पत्र आणि जमा मूळ कागदपत्रांची यादी घ्या. घेणाऱ्याची बँक 11 लाखांचा चेक थेट तुमच्या बँकेच्या नावे काढेल. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज वेळेआधी फेडताना दंड लागत नाही. फेडल्यापासून 30 दिवसांत बँकेने मूळ कागद परत दिले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. 1 डिसेंबर 2023 पासून हा नियम आहे.

राहिला नावाचा प्रश्न, आणि इथेच माणसं फसतात. निवासी मिळकत फक्त महिलेच्या नावे असेल तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे. तुमच्या बाबतीत 92 हजार. पण विकलेलं घर तुमच्या नावे आहे, तर भांडवली नफाही तुमचा. साधा धरला तर 64 लाख, त्यावर साडेबारा टक्के म्हणजे 8 लाख, उपकरासह 8 लाख 32 हजार. 23 जुलै 2024 पूर्वीच्या खरेदीला महागाई निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा जुना हिशेबही करता येतो : निर्देशांक 137 वरून 376 (2025-26 चा), घराची किंमत 38 लाख 42 हजार, कर सुमारे 7 लाख 92 हजार आणि वर उपकर. फरक किरकोळच. फ्लॅट तुमच्या नावे घेतला तर यातलं काहीच भरावं लागत नाही. एकट्या पत्नीच्या नावे घेतल्यास सूट वादात सापडते. काही ठिकाणी निकाल करदात्याच्या बाजूने लागलेत, पण नवं घर करदात्याच्याच नावे हवं, असा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे, आणि आपण त्याच न्यायालयाच्या हद्दीत येतो. 92 हजारांसाठी आठ लाखांचा वाद ओढवून घेऊ नका. पत्नीचं नाव दुसरं घाला. स्टॅम्प ड्युटीची सूट मिळणार नाही, एवढंच. आणि नवा फ्लॅट तीन वर्षं विकू नका, नाहीतर ही करसवलत परत वसूल होते.

प्रश्न : घर नाही, हुडकेश्वरचा जुना प्लॉट विकून फ्लॅट घ्यायचाय. फक्त नफ्याची रक्कम घातली तर चालेल?

उत्तर : नाही. प्लॉटला कलम 54 ची सूट नाही, 54 एफ म्हणून ओळखली जाणारी सूट लागते, आणि त्यात खर्च वजा जाता हाती आलेली सगळी रक्कम घरात घालावी लागते. 40 लाख आले आणि 30 च घातले, तर नफ्याच्या तीन चतुर्थांशावरच सूट. शिवाय विक्रीच्या दिवशी तुमच्याकडे नव्या घराखेरीज एकापेक्षा जास्त घरं नसावीत. रिटर्नच्या मुदतीपर्यंत, सहसा 31 जुलै, घर ठरलं नाही तर उरलेली रक्कम अधिकृत बँकेतल्या कॅपिटल गेन खात्यात टाका. साधं मुदत ठेवीचं खातं चालत नाही. या खात्यातून काढलेले पैसे 60 दिवसांत वापरावे लागतात.

प्रश्न : गिऱ्हाईक इसाराचे तीन लाख रोख देतो म्हणतं. घ्यावे का?

उत्तर : घेऊ नका. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला म्हणजे तुम्हाला. सौदा मोडून इसार परत करतानाही तोच नियम. रोख घेऊन किंमत कमी दाखवायचा विचार असेल, तर रेडी रेकनरचं मूल्य दाखवलेल्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त भरलं, की नफा त्या मूल्यावरच मोजला जातो.