बीपी असताना मीठ वाढवायचे, ते का?

प्रश्न : माझे यजमान ४२ वर्षांचे असून यंत्रमाग कारखान्यात काम करतात. अधूनमधून त्यांचे डोके ठणकते, छातीत धडधडते आणि बनियन पिळावे इतका घाम येतो. कारखान्यातला उकाडा म्हणून आम्ही ते सोडून दिले. पण ऐन गड्डा यात्रेच्या थंडीत रात्री तसेच झाले आणि बीपी २१०/१२० निघाले. लघवीत मेटानेफ्रिन्स (अॅड्रिनॅलिनसारख्या संप्रेरकांपासून तयार होणारे घटक) खूप वाढलेली असून सीटी स्कॅनमध्ये उजव्या अधिवृक्क ग्रंथीत ४ सेंटिमीटरची गाठ दिसली. डॉक्टर मात्र ऑपरेशनआधी दोन आठवडे गोळ्या घ्या, मीठ-पाणी वाढवा म्हणतात. नातेवाईक म्हणतात, आधी सुईने तुकडा तपासा. काय करावे?
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : आपल्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे आणि हे दोन आठवडे वाया जाणार नाहीत, कारण शस्त्रक्रियेची निम्मी सुरक्षितता याच दिवसांत तयार होते. मूत्रपिंडाच्या माथ्यावरच्या या ग्रंथीतली अशी गाठ, म्हणजे फिओक्रोमोसायटोमा, अॅड्रिनॅलिनसारखी संप्रेरके रक्तात सोडते; त्यामुळे रक्तवाहिन्या सतत आकसलेल्या राहतात आणि त्यांतले पाणीही कमी होते. तयारी न करता गाठीला हात लावला, तर बीपी एकदम उसळते आणि गाठीची शीर बांधताच तितक्याच वेगाने कोसळते. प्राझोसिनसारख्या अल्फा-ब्लॉकर गोळ्या वाहिन्या सैल करतात, आणि सैल झालेली ती जागा भरण्यासाठीच मीठ-पाणी लागते. (शरीरात मीठ धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाच्या गाठीत मात्र मीठ कमीच करावे लागते, म्हणून हा सल्ला बीपीच्या दुसऱ्या रुग्णाला देऊ नये.) नाक चोंदले किंवा उठताना अंधारी आली, तर गोळी लागू पडत असल्याची ती खूण समजावी, त्यांनी आधी पलंगाच्या काठावर बसून मगच उभे राहावे, आणि चक्कर फार येत असल्यास डॉक्टरांना कळवावे. धडधडीची बीटा-ब्लॉकर गोळी अल्फा-ब्लॉकरचा परिणाम पक्का झाल्यावरच द्यायची असते. आधी दिली तर बीपी आणखी चढू शकते.

सुईचा हट्ट मात्र कृपया सोडावा. टोचल्याने संप्रेरकांचा लोंढा सुटून जीव धोक्यात येऊ शकतो, आणि निदान रक्त-लघवीच्या तपासण्यांवरून होतेच.

एवढी गाठ बहुधा दुर्बिणीने काढता येते. नंतरचे एक-दोन दिवस बीपीबरोबर साखरेवरही लक्ष ठेवतात, कारण ती अचानक उतरू शकते. हा आजार काही घराण्यांत आनुवंशिक असतो, म्हणून जनुकीय तपासणीबद्दल विचारावे आणि ऑपरेशननंतरही मेटानेफ्रिन्सची तपासणी दर वर्षी करावी. ऑपरेशन होईपर्यंत आडवे आणि उभे असतानाचे बीपी रोज वहीत लिहून ठेवा. भूलतज्ज्ञ ती वही आधी मागतील.