देवावर विश्वास डळमळीत असताना शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंतचा यहुदी विश्रांतीचा दिवस), कोशेर (खाण्यापिण्याचे यहुदी नियम) पाळणं हा ढोंगीपणा नाही का?

मला तरी नाही वाटत. यहुदी परंपरेत ‘काय मानता’पेक्षा ‘काय करता’ याला वजन जास्त. ‘तोरा’ या आमच्या पवित्र ग्रंथातल्या निर्गम २४:७ मध्ये लोक आधी ‘करू’ म्हणतात, मग ‘ऐकू’.

आमच्या बेने इस्रायलींचंच, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांचंच बघा. कोकणात घाण्यावर तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं ‘शनिवार तेली’. धर्मग्रंथ हाताशी नव्हते, शेमा ही प्रार्थना तेवढी पाठ होती. प्रत्येकाची श्रद्धा किती पक्की होती कुणास ठाऊक, पण घाणा मात्र बंद! आजही मटणाच्या जेवणानंतरच्या गोडात आम्ही नारळाचं दूध घालतो, कारण मांस आणि दूध एकत्र चालत नाही. एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावानं होणाऱ्या मलिद्याच्या विधीला तर देव न मानणारा चुलतभाऊही सगळ्यात आधी हजर. (पोहे-खोबरं हे कारण असावं.)

शब्बाथला ३९ प्रकारची कामं वर्ज्य आहेत. सगळी पाळणारे थोडेच. इस्रायलमध्ये असे मधले लोक स्वतःला ‘मसोर्ती’, म्हणजे परंपरा जपणारे, म्हणवतात. जीव वाचवायला तर शब्बाथ मोडावाच लागतो, असं हलाखाच, म्हणजे यहुदी धर्मनियमच सांगतात.

तुम्ही शुक्रवारी संध्याकाळच्या दिव्यांपासून सुरुवात करा. घरच्यांना मात्र खरं काय ते सांगून टाका, लपवाछपवीच जास्त दमवते.