एक्सेलमध्ये कधी व्हॅल्यू, कधी स्पिल एरर येते. ॲरेची मर्यादा संपली का?

नागपूरच्या कळमना बाजारात अडतीचा हिशेब ठेवता, संत्र्यांच्या आवकीचं शीट चार हजार ओळींच्या वर गेलं, तेव्हापासून समइफ्सला (अटींप्रमाणे बेरीज करणारा फॉर्म्युला) व्हॅल्यू एरर येते आणि दुकानात नवीन एक्सेल टाकल्यावर व्हीलुकअपला (कोडवरून माहिती शोधणारा फॉर्म्युला) स्पिल एरर, असं तुम्ही लिहिलंय. भाऊ, ॲरेची, म्हणजे फॉर्म्युला एकदम हाताळतो त्या सेलच्या गटाची, मर्यादा संपलेली नाही. एका शीटला १०,४८,५७६ ओळी मिळतात. फाइलच्या नावापुढे 'कम्पॅटिबिलिटी मोड' दिसत असेल तर ती जुन्या एक्सएलएस प्रकारची, तिथे ६५,५३६. चार हजार तिथेही सहज मावतात.

आधी स्पिल, म्हणजे उत्तरं पसरायला जागा न मिळणं. फॉर्म्युला जी२ मध्ये, आणि काय शोधायचं त्या जागी तुम्ही अख्खा कॉलम 'बी:बी' दिलाय. जुनं एक्सेल त्यातून त्याच ओळीचा कोड उचलायचं. नवीन एक्सेल मात्र कॉलममधल्या प्रत्येक सेलचं उत्तर काढतं, म्हणजे १०,४८,५७६ उत्तरं. ती दुसऱ्या ओळीपासून मांडायला घेतली की शेवटच्या एकाला शीटवर जागाच उरत नाही. 'बी:बी' काढून 'बी२' लिहा आणि फॉर्म्युला खाली ओढा, झालं. जुन्या फाइलमधले असे फॉर्म्युले उघडताना एक्सेल स्वतःच ॲट चिन्ह (@, म्हणजे फक्त त्याच ओळीचं घ्या) लावून घेतं, म्हणून ते चालतात आणि नवीन टाइप केलेले अडतात.

समइफ्सचं कारण तुम्ही चिकटवलेल्या ओळीतच दिसतंय. रक्कम ई२ ते ई४१५०, शेतकऱ्याचा कोड बी२ ते बी४१००. दोन्ही रेंज, म्हणजे सेलचे पट्टे, सारख्याच लांबीच्या लागतात, नाहीतर व्हॅल्यू एरर.

ही एरर टाळायला कोणी साधं समइफ वापरायला सांगितलं तर ऐकू नका. समइफ तक्रारच करत नाही. रकमेच्या रेंजचा फक्त पहिला सेल धरतं आणि कोडच्या रेंजएवढी लांबी स्वतः मोजून घेतं. एक रेंज दुसऱ्या ओळीपासून आणि दुसरी तिसरीपासून सुरू झाली, तर एकाची रक्कम दुसऱ्याच्या नावावर जाते आणि लाल खूणही दिसत नाही. समप्रॉडक्टमध्येही (गुणाकार करून बेरीज देणारा फॉर्म्युला) सांभाळा: कॅरेटच्या आकड्याऐवजी '४० कॅरेट' असं लिहिलं असेल तर स्वल्पविराम देऊन लिहिलेला फॉर्म्युला ते शून्य धरतो. गुणाकाराचं चिन्ह दिलंत तर निदान एरर तरी येते. शेतकऱ्याच्या पट्टीचा, म्हणजे त्याच्या विक्रीच्या हिशेबाचा प्रश्न आहे, चुकीच्या बेरजेपेक्षा एरर परवडली.

कायमचा इलाज म्हणजे सगळा डेटा सिलेक्ट करून कंट्रोल-टी दाबा, टेबल करा. फॉर्म्युल्यात कॉलमची नावं द्या, मग रोजची आवक खाली भरली की सगळ्या रेंज बरोबरच वाढतात. टेबलाच्या आत पसरणारा फॉर्म्युला चालत नाही, तिथेही स्पिल येते. म्हणून व्हीलुकअपमध्ये काय शोधायचं त्या जागी कॉलमच्या नावाआधी ॲट चिन्ह हवंच. आणि मधे कुठे तारखेसाठी मर्ज केलेले सेल असतील तर टेबल करण्याआधी ते सोडवून घ्या.